भिंतीपलीकडचा ढोल

ढोलाचं पान थरथरलं, पण मी ठोका दिला नव्हता. मैदानाच्या कडेला बसून मी दोऱ्या आवळत होते आणि फोन आवाज बंद करून पानावरच ठेवलेला होता. तो थरथरायला लागला तशी पानावरची धूळ बारीक बारीक उड्या मारायला लागली. क्षणभर मला ते बघायला बरं वाटलं, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. स्क्रीनवर दिलीपचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव होतं. सरावाच्या वेळेला तो कधीच फोन करत नाही. "अगं, शैला गेली," तो म्हणाला. गिरगावातल्या तिच्या खोलीत, दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला तो लागलाच. शेजारच्या बाई दूध द्यायला गेल्या तेव्हा कळलं. मी हो म्हटलं की काय म्हटलं, आठवत नाही. माझ्या पथकातल्या बायका रांगेत उभ्या राहत होत्या, टोल वाजवणारीनं पहिला टोल दिलासुद्धा होता... आणि मी आपली हाताच्या पंजानं ते पान दाबून धरून बसले होते, कुणाचं रडणारं मूल थोपटावं तशी. त्या दिवसानंतर मी ढोल कमरेला बांधलेला नाही.

शैला माझी नणंद. दिलीपची धाकटी बहीण, माझ्याच वयाची. तिनं लग्न केलं नाही. आत्याच्या मागे गिरगावातली खोली तिच्याकडे आली आणि परळच्या एका कॉलेजात ती उष्णतेचं शास्त्र शिकवायची. मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा घरात ती माझ्याशी सगळ्यात आधी बोलली. बोलली म्हणजे काय, माणसांनी भरलेल्या खोलीत उकळत्या चहाचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, हे दोन चमचे यात एकदम बुडवून धर बरं." एक साधा स्टीलचा आणि एक माझ्याच रुखवतातला चांदीचा. नवी नवरी, नाही कसं म्हणणार? बघता बघता चांदीच्या चमच्यानं असा चटका दिला की तो माझ्या हातून सासऱ्यांच्या पायाशी जाऊन पडला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शैला मात्र खुशीत म्हणाली, "बघितलंस? चांदीच्या पोटात काही राहत नाही. लगेच सांगून टाकते." मला तिचा इतका राग आला होता. दोन दिवसांनी कळलं की या बाईला माणूस आवडलं की ती त्याच्या हातात काहीतरी गरम नाहीतर गार वस्तू ठेवते.

तिला या शास्त्राचं वेड कुठून लागलं, हे ती एकदा आमच्या गॅलरीत बसून सांगत होती. माझे सासरे गिरणीच्या बॉयलर खात्यात होते. पाळी संपवून घरी आले की बराच वेळ कुणाशी बोलायचे नाहीत, भिंतीला टेकून बादलीभर गार पाण्यात पाय सोडून बसायचे. शैला लहान होती. ती बादलीच्या कडेला उकिडवी बसून मधूनमधून पाण्यात बोट घालून बघायची. पाणी कोमट होत जायचं आणि वडिलांचा चेहरा निवत जायचा. मग ते हसून म्हणायचे, "बघ गो चेडवा, पाणी तापला मां?" तिला वाटायचं, गिरणीतली सगळी धग बाबा पायांतून बादलीत ओतून टाकतात. "आणि वहिनी, खरंच तसंच असतं," ती म्हणाली. "फक्त पाणी फार आळशी. उष्णता घेतं, पण हळूहळू. ते जरा चटपटीत झालं असतं तर बाबा लवकर बोलायला लागले असते." हे सांगताना ती खाली रस्त्याकडे बघत होती, पण तिला दिसत होती ती बादलीच.

पाणी चटपटीत करणं, हेच तिचं आयुष्यभराचं काम झालं. मला समजलं तेवढं सांगते. धातूची किंवा त्याच्या भस्मासारखी अतिशय बारीक पूड, इतकी की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही कण दिसणार नाही, ती पाण्यात मिसळायची. पुडीला उष्णता पाण्यापेक्षा पुष्कळ लवकर वाहून नेता येते, म्हणून ते मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा लवकर तापतं आणि लवकर निवतं. अशा द्रवाला नॅनोफ्लुइड म्हणतात. मोठमोठी यंत्रं, इंजिनं, कॉम्प्युटरच्या खोल्या, सगळ्यांना असं पाणी हवं आहे. अडचण एकच, आणि तीच सगळ्यांना पुरून उरलेली. कण एकमेकांना धरतात, त्यांचे गठ्ठे होतात आणि ते तळाशी जाऊन बसतात. मग वर उरतं तेच जुनं आळशी पाणी, आणि खाली गाळ, जो नळ्या तुंबवतो. साबणासारखं काही घातलं तर कण तरंगतात, पण तापल्यावर तो साबणच दगा देतो. शैलाला साबण नको होता. नुसतं पाणी आणि नुसती पूड, आणि गाळ बसता कामा नये. "माझी मुलं वर्गात बसत नाहीत," ती म्हणायची, "आणि ही पूड बसल्याशिवाय राहत नाही. नशीब बघ."

आमची चाळ पडून तिथे उंच इमारत झाली, तेव्हापासून आमच्या मागच्या खोलीची खिडकी मैदानावर उघडते. मैदानाच्या एका अंगाला आमची इमारत आणि समोरच्या अंगाला शैलाच्या कॉलेजची मागची भिंत. मध्ये पोरं क्रिकेट खेळतात आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने रोज संध्याकाळी ढोलपथकं सराव करतात. दादरच्या शाळेतली माझी ऑफिसातली नोकरी संपत आली होती, त्या वर्षी बायकांचं एक पथक निघालं आणि मी नाव दिलं. दिलीप हसला. आमच्या मजल्यावरच्या बायका तोंडावर नाही, पण पाठीमागे हसल्या. शैला हसली नाही. ती गिरगावातून टॅक्सी करून आली, कापसाची एक छोटी गादी घेऊन. "ढोलाचा पट्टा खांद्याला रुतेल, त्याखाली ही घाल," म्हणाली. त्या गादीला अजून तिच्या घरातल्या कापराचा वास आहे.

त्याच वर्षी तिला हवं होतं ते सापडलं. पाणी आधी उकळून, निववून, मग त्यात पूड घालून ती यंत्राच्या बारीक थरथरीनं ढवळायची, असा काहीतरी नवा क्रम तिनं आणि तिच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या किरणनं बसवला होता. त्या क्रमानं केलेल्या बाटल्या प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर नव्यानंच ठोकलेल्या फळीवर ठेवल्या आणि त्यांतला काळा रंग आठवडे उलटले तरी वरपासून खालपर्यंत सारखाच राहिला. त्यात तापलेली तार बुडवून उष्णता किती लवकर जाते ते मोजायचे, तेव्हा आकडेही उतरत नव्हते. शैलाचं तेव्हाचं रूप मला अजून दिसतं. ती बोलायची कमी आणि मध्येच उगीच हसायची. छोटासा शोधनिबंध लिहून झाला, लगेच स्वीकारलाही गेला. परगावच्या एका कंपनीचे लोक कॉलेजात येऊन गेले. तिच्या नावानं वेगळी प्रयोगशाळा उभी राहणार असं ठरत आलं होतं, किरणचा प्रबंधही तेवढ्यावर पुरा होणार होता. तिच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. मी दिलीपला म्हटलं, आता हिचं पाणी एकदाचं पावलं.

मग ती माझा सराव बघायला आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. एरवी प्रयोगशाळा ती आणि किरण पाचच्या आत बंद करायचे, ती परळहून सरळ गिरगावला जायची आणि ढोल सुरू व्हायचे साडेसहानंतर. त्या दिवशी ती कॉलेजच्या भिंतीला लागून असलेल्या कट्ट्यावर बसली, शेजारी चहाचा काचेचा ग्लास ठेवून. मी रांगेत पुढे होते. पहिल्यांदाच हात मोकळा सुटला होता, ठोका बरोबर पडत होता, आणि मी बघते तर ही बाई माझ्याकडे बघतच नाही. खाली मान घालून ग्लासात बघते आहे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. विश्रांती झाली, आम्ही पाणी प्यायलो, पुन्हा सुरू केलं, तरी ही ग्लासातच. मग ती उठली आणि भिंतीला हाताचा पंजा लावून उभी राहिली. डोळे मिटलेले. आमचं वाजवणं संपेपर्यंत तशीच.

"कसं झालं?" मी जरा घुश्शातच विचारलं. तिनं ग्लास माझ्यापुढे धरला. चहा थंड होऊन साय धरली होती. "तुम्ही थांबलात ना, तेव्हा चहाचा चोथा खाली बसला," ती म्हणाली. "वाजवायला लागलात, तसा वर आला. बसेचना." मला काहीच समजलं नाही. मी म्हटलं, चहावाल्याची गाळणी फाटकी असेल. ती म्हणाली, "वहिनी, या भिंतीच्या आतल्या अंगाला माझी फळी आहे."

आता सांगितलं की सोपं वाटतं. पण शैला लालबागची. ढोलाच्या आवाजात ती रांगायला शिकली. परळ-लालबागच्या माणसाला पावसाळ्यात ढोल ऐकू येत नाही, तो असतोच. बाहेरगावचा कुणी असता तर त्यानं पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवून विचारलं असतं, हे काय चाललंय? तिला नुसता नवा क्रम दिसला, आणि तो नेमका सराव सुरू झाला त्या आठवड्यात सुरू झाला होता, हे तिच्या मनातही आलं नाही. आधीच्या सगळ्या बाटल्या हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या, नाहीतर आतल्या कपाटातल्या. त्या मुकाट बसल्या होत्या.

तिनं घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी फळीवरच्या दोन जुळ्या बाटल्यांतली एक तिनं गिरगावला नेली आणि खिडकीत ठेवली. तिच्या वाडीत त्या वेळी कुकरची शिट्टी हाच काय तो मोठा आवाज. मी तिला फोन करून विचारायचे, काय म्हणते बाटली? "बसतेय," ती म्हणायची, आजारी माणसाविषयी बोलावं तशी. चार-पाच दिवसांत वरचं पाणी निवळलं, खाली काळा थर. परळची बाटली मात्र अजून काळीभोर. तरीही तिनं विसर्जनापर्यंत वाट पाहिली. ढोल थांबले, मैदान रिकामं झालं आणि परळची बाटलीही बसली.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ती आमच्याकडे जेवायला होती. आंबोळ्या केल्या होत्या, तिला आवडतात म्हणून. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली की निबंध मागे घेणार. कॉलेजातल्या वरिष्ठांनी तिला समजावलं होतं, "अहो मॅडम, पूड बसली नाही हे तर खरं ना? का बसली नाही ते पुढचे लोक बघतील." दिलीपही तेच म्हणाला, जरा चढ्या आवाजात. "शैले, आयुष्य घासलंस तू यात. त्या भिंतीचं कुणाला कळणार आहे? तुझं नाव जाईल, त्या किरणचं वर्ष जाईल, कशासाठी?" शैला आंबोळीचे तुकडे करत राहिली. मग म्हणाली, "दादा, ते पाणी उद्या कुठल्यातरी यंत्रात जाईल. तिथे ढोल कोण वाजवणार?"

मला एकदम रडू आलं. म्हटलं, मी उद्यापासून ढोल बंद करते, सगळ्या मैदानात वाजवायला मला हिचीच भिंत मिळाली. त्यावर ती पहिल्यांदा चिडली. "वेडी आहेस का? तू काय खोटं वाजवलंस? तू तुझं काम करत होतीस, मी माझं नीट करत नव्हते." आणि मग नेहमीसारखी, "तुझ्यामुळे माझी पूड आठ आठवडे जागी राहिली. मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते."

तिनं पत्र पाठवलं, निबंध मागे घेतला. कंपनीचे लोक पुन्हा आले नाहीत. नव्या प्रयोगशाळेचा विषय कुणी काढेनासं झालं आणि कॉलेजच्या गॅलरीत तिला बघून माणसं आवाज खाली आणायची, हे तिनं मला फार पुढे सांगितलं. तिला त्याचा त्रास झाला नाही असं मी म्हणणार नाही. खूप झाला. त्या हिवाळ्यात ती किती वेळ नुसती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची, आणि गॅसवरच्या पातेल्यातल्या पाण्याकडे बघत राहायची... तळाशी बुडबुडे धरेपर्यंत. मी तिला हाक मारायचे नाही. पुढे केव्हातरी तशीच बसलेली असताना ती म्हणाली, "पण वहिनी, यंत्रं तरी स्वस्थ कुठे असतात? बसचं इंजिन किती थरथरतं." आणि उठून चप्पल घालून गेली. यंत्राच्या स्वतःच्याच थरथरीनं पूड किती जागी राहते, यावर तिनं आणि किरणनं नव्यानं काम केलं. त्याचा प्रबंध उशिरा पण पुरा झाला. निष्कर्ष लहान होता, काही ठिकाणी राहते, काही ठिकाणी नाही राहत. त्या कामाच्या निबंधाच्या शेवटी तिनं आभार मानले होते त्यांत शेजारच्या मैदानावरच्या महिला पथकाचं नाव होतं. आमच्या बायकांनी त्या पानाची झेरॉक्स काढून ढोल ठेवायच्या खोलीत चिकटवली आहे.

त्यानंतर दर वर्षी सराव सुरू झाला की एकदा तरी ती त्या कट्ट्यावर येऊन बसायची. निवृत्त झाल्यावरही. चहाचा गरम ग्लास दोन्ही हातांत धरून ठेवायची, आणि आमची विश्रांती झाली की तापलेले तळवे माझ्या दुखऱ्या खांद्यावर ठेवायची. "घे, फुकटची उष्णता," म्हणायची. या वर्षीही आली होती, जायच्या आठवडाभर आधी. अंगानं उतरली होती, पण हात तसेच गरम. "ठोका मागे पडतोय तुझा," म्हणाली. मी म्हटलं, वय झालं. "वय नाही, तू ऐकत बसतेस. वाजवताना ऐकायचं नसतं." टॅक्सीत बसतानाही बोट नाचवत तेच सांगत होती.

स्मशानात किरण भेटला. आता तो स्वतः शिकवतो. तो रडत रडत म्हणाला, "काकू, निबंध मागे घेतला त्या दिवशी मॅडमनी मला इराण्याकडे नेऊन ब्रून मस्का खाऊ घातला होता." मला तेवढं पुरेसं होतं.

तेराव्यानंतर आम्ही तिची खोली आवरायला गिरगावला गेलो. पुस्तकं किरण नेणार होता. भांडीकुंडी होतीच किती. खिडकीत ती बाटली तशीच होती, बुचावर मेण आणि पोटावर चिठ्ठी, तिच्या टपोऱ्या अक्षरात, "हलवू नये". वर नितळ पाणी, खाली काळा थर, आणि मधून वाडीतला प्रकाश येत होता. इतकी वर्षं धूळ पुसतानाही तिनं ती हलू दिली नव्हती. दिलीप म्हणाला, तू घे. मी ती मांडीवर पदरात धरून टॅक्सीत बसले. चर्नी रोडपासून लालबागपर्यंतचे खड्डे तुम्हाला माहीत आहेत. मी हातांनी कितीही जपली, तरी तळाशी आधी धुरासारखं काही उठलं, मग ते वर वर चढत गेलं, आणि घरी पोचेपर्यंत सबंध बाटली काळी झाली होती. मला वाटलं, मी तिची झोपमोड केली. टॅक्सीवाल्यासमोर मी ढसाढसा रडले, इतक्या दिवसांत तेव्हाच.

मागच्या खोलीत मैदानाच्या बाजूच्या भिंतीवर फळी आहे, तिथे ती ठेवली. दिलीप म्हणाला, "बसेल चार दिवसांत." चार दिवस झाले, आठवडा झाला. खाली रोज सराव चालू आहे. आमच्या बायका वाजवतात, मी खिडकीच्या आत उभी राहून बघते. मला कुणी बोलावत नाही, पण रांगेत माझ्या जागी त्या कुणाला उभी करत नाहीत, मधे एक फट ठेवतात. आणि बाटली अजून काळीच आहे.

ती ढोलानं जागी आहे, की वर्षांनुवर्षांच्या थराला पुन्हा बसायलाच वेळ लागतोय? शैला असती तर तिनं एव्हाना बाटली उचलून ढोल नसलेल्या घरी नेऊन ठेवली असती. माझी बहीण अँटॉप हिलला राहते, तिच्याकडे सहज ठेवता येईल. चार दिवसांत काय ते कळेल. दिलीपनं कालच सुचवलं, तोही शेवटी तिचाच भाऊ. मी नाही म्हटलं. तिनं जन्मभर खात्री करून घेतली आणि त्याची किंमत मोजली, ते तिला शोभलं. मला ही एक गोष्ट तपासून बघायची नाही.

आता संध्याकाळ होत आली आहे. खाली टोल वाजला. कपाटातून मी तिची ती छोटी गादी काढून खांद्यावर ठेवली आहे. ढोल बांधायला खाली जाते आहे. बाटली फळीवर आहे तिथेच राहू दे.